आजोबांचा पहिला सीटी ‘नॉर्मल’ कसा आला, आणि तुमच्या प्रोग्रॅमला तो झटका दिसला असता का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. मेंदूचे आणि हृदयाचे आजार स्कॅनवरून ओळखणारा प्रोग्रॅम हा तुमचा प्रोजेक्ट, आणि इंटरनेटवरून घेतलेल्या मेंदूच्या एमआरआय चित्रांवर तो ९८ टक्के अचूक येतो. विषय निवडला त्याला कारण घरचं आहे. गेल्या उन्हाळ्यात आजोबा गच्चीवर झोपले होते. सकाळी उठले तर उजवा हात उचलेना आणि बोलताना शब्द सापडेनात. तासाभरात सीटी झाला, तो ‘नॉर्मल’ आला. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत मोठा झटका, म्हणजे स्ट्रोक, दिसला. मग हृदयाचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितली. तुम्ही विचारता की सीटीत चूक झाली का, तुमच्या प्रोग्रॅमने ती पकडली असती का, मेंदूच्या आजाराला हृदयाची तपासणी कशाला, आणि असा प्रोग्रॅम इथलं एखादं हॉस्पिटल वापरेल का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. वीस वर्षांहून जास्त काळ सोलापुरात सीटी, एमआरआय वाचते आहे. प्रोग्रॅम मी लिहीत नाही, पण त्यांचे निकाल माझ्या स्क्रीनवर येतात आणि सही मला करावी लागते. तुमच्या आजोबांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगेन ते सर्वसाधारण अनुभवावरून, निदान म्हणून नाही.

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. ‘चित्रात आजार आहे की नाही’ असं तुम्ही प्रोग्रॅमला विचारताय. आमच्या कामात हा प्रश्न कधीच इतका मोकळा नसतो. प्रत्येक स्कॅन एका ठरावीक प्रश्नासाठी, एका ठरावीक वेळी काढलेला असतो. प्रश्न आणि वेळ बाजूला काढली की तेच चित्र काहीही सांगायला लागतं.

आजोबांच्या सीटीपासून सुरुवात करू. सीटी हा फोटो नाही, तो आकड्यांचा तक्ता आहे. ही पद्धत बसवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड तुमच्याच पेशाचे, इंजिनीअर होते. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी १९७१ मध्ये लंडनजवळ विंबल्डनला निघाला, तो ८० गुणिले ८० चौकटींचा होता. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १०००. चरबी साधारण उणे १००, मेंदूचा पांढरा भाग पंचवीस-तीसच्या घरात, करडा भाग पस्तीस-चाळीसच्या. गोठलेलं ताजं रक्त साठ-सत्तर आणि हाड त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे मेंदूच्या दोन थरांतला फरक जेमतेम दहा एककांचा. हवेपासून हाडापर्यंतची सगळी पट्टी एकाच स्क्रीनवर ताणली, तर हा फरक डोळ्याला दिसतच नाही. म्हणून आम्ही ‘विंडो’ लावतो. ४० हा आकडा मध्ये ठेवून ८० एककांची पट्टीच पांढऱ्या-काळ्यात पसरवतो. झटक्याची शंका असेल तर ती पट्टी आणखी अरुंद, ४० एककांची करतो.

आता रक्तवाहिनी बंद झाल्यावर काय होतं ते बघा. पेशी उपाशी पडतात आणि त्या भागात हळूहळू पाणी धरतं. पाण्याचा आकडा शून्य, म्हणून तो भाग किंचित काळसर होत जातो. पहिल्या एक-दोन तासांत हा उतार इतका थोडा असतो की स्कॅनच्या स्वतःच्या रवाळपणात तो बुडून जातो. फुटलेल्या नसेतून आलेलं रक्त मात्र पहिल्यापासूनच पांढरंशुभ्र दिसतं. म्हणून लकव्याच्या रुग्णाचा पहिला सीटी एकाच मुख्य प्रश्नासाठी काढतात, रक्तस्राव आहे का? नसेल, आणि त्रास सुरू होऊन साडेचार तास झाले नसतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो.

म्हणजे आजोबांच्या रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ हा शब्द बहुधा ‘रक्तस्राव नाही’ या अर्थाचा होता. त्या घडीला ती चांगली बातमी होती. माझा आक्षेप आहे तो त्या शब्दाला. घरचे ‘नॉर्मल’ वाचतात आणि चहा प्यायला बाहेर जातात, कुणी तर पेशंटला घरी न्यायची तयारी करतं. मी स्वतः तो शब्द अशा रुग्णाला लिहीत नाही. ‘रक्तस्राव दिसत नाही, लवकरच्या झटक्याची खूण या घडीला दिसत नाही, लक्षणांवरून पुढे जावे’ असं लिहिते. तीन तुकडे लिहायला दहा सेकंद जास्त लागतात.

मग तुमच्या प्रोग्रॅमला तो झटका दिसला असता का? जे चित्रात उतरलंच नव्हतं ते कुणालाच दिसलं नसतं. जे थोडंफार उतरलं असेल, म्हणजे करड्या-पांढऱ्या थरांमधली पुसट झालेली रेघ किंवा बंद वाहिनीतली पांढरी काडी, ते चांगल्या प्रोग्रॅमला कधीकधी माणसाआधी सापडतं. मेंदूच्या मधल्या मोठ्या वाहिनीच्या इलाख्याचे दहा भाग पाडून, बिघडलेल्या प्रत्येक भागाला एक गुण वजा करण्याची अ‍ॅस्पेक्ट्स नावाची पद्धत आहे. दहापैकी दहा म्हणजे काही दिसत नाही. हे गुण काढणारी सॉफ्टवेअर डाव्या बाजूची उजवीशी तुलना करतात. तुमच्यासाठी त्यात धडा आहे. रुग्ण अस्वस्थ असतो, मान वाकडी असते, त्यामुळे एका बाजूचा काप वरून जातो आणि दुसऱ्या बाजूचा खालून. अशा चित्रात दोन बाजू वेगळ्या दिसणारच. म्हणून आधी डोकं सरळ करून घ्यायचं, मग तुलना. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ही पायरी मला क्वचित दिसते, सगळा जोर मॉडेलच्या नावावर असतो.

एमआरआयमध्ये दुसऱ्या दिवशी तो स्पष्ट दिसला, याचं कारण तिथे मोजतात ती गोष्टच वेगळी. डीडब्ल्यूआय नावाच्या क्रमात, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत, पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. पेशीचा पंप बंद पडला की पाणी आत शिरतं, पेशी फुगते, आजूबाजूची जागा अरुंद होते आणि रेणूंना फिरायला वाव राहत नाही. तो भाग काही मिनिटांतच चकाकू लागतो. पण नुसतं चकाकणं पुरेसं नाही. जुनी सूजसुद्धा तिथे चकाकू शकते. सोबतचा एडीसी, म्हणजे ती हालचाल नेमकी किती आहे याचा नकाशा बघायचा, तिथे तीच जागा काळी असेल तर झटका ताजा. प्रोग्रॅमला नुसती डीडब्ल्यूआयची चित्रं दिलीत तर तो दोन वर्षांपूर्वीचा डाग कालचा म्हणून सांगेल.

‘मग सगळ्यांचा एमआरआयच आधी का नाही?’ हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सीटी दोन मिनिटांत होतो. एमआरआयला निदान दहा-पंधरा मिनिटं शांत पडून राहावं लागतं. शरीरात पेसमेकर किंवा धातू आहे का हे विचारावं लागतं, आणि बोलताच न येणाऱ्या माणसाला ते विचारायचं कसं? आमच्याकडे रुग्ण अक्कलकोटहून ४० किलोमीटर, बार्शी-पंढरपूरहून ७० किलोमीटर येतात. सीमेपलीकडून इंडी, अफझलपूरहूनही येतात. कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी तेलुगू, कुणी उर्दू. दारात गाडी थांबेपर्यंत घड्याळातला मोठा भाग संपलेला असतो.

आणि तुमच्या आजोबांच्या बाबतीत घड्याळच सापडत नव्हतं. झोपेत आलेल्या झटक्याला सुरुवातीची वेळ नसते. अशा वेळी ‘शेवटचे ठीक कधी दिसले’ ही वेळ धरतात, आणि ती रात्री दहाची असेल तर सकाळी सहाला आठ तास झाले असं मानावं लागतं. झटका प्रत्यक्षात पहाटे पाचला आलेला असला तरीही. इथे स्कॅनची मोठी मदत होऊ शकते. डीडब्ल्यूआयमध्ये डाग चकाकतोय, पण फ्लेअर नावाच्या दुसऱ्या क्रमात तो अजून उमटलेला नाही, असं असेल तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. २०१८ मध्ये ‘वेक-अप’ नावाच्या युरोपातल्या चाचणीने दाखवलं की असे रुग्ण निवडून इंजेक्शन दिलं तर फायदा होतो. त्याच सुमारास आणखी दोन चाचण्यांचे निकाल आले. रक्तप्रवाहाचे नकाशे बघून, मेलेला भाग थोडा आणि वाचवता येण्याजोगा भाग मोठा असेल, तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीने गुठळी ओढून काढता येते असं त्यांत दिसलं. हे नकाशे प्रतिमा-प्रक्रियेशिवाय तयारच होत नाहीत. स्कॅनच्या वेळी शिरेतून टोचलेलं औषध एकेका ठिपक्याला किती सेकंदांनी पोचलं हे हाताने कोण मोजणार? तुमच्या शास्त्राने माणसाचा हात वाचवल्याची ही खरी उदाहरणं आहेत. ती सोय प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही, म्हणून आजोबांच्या वेळी काय व्हायला हवं होतं हे मी इथे बसून सांगणार नाही.

आता तुमचे ९८ टक्के. संग्रहाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण वर्णनावरून तो मेंदूतल्या गाठींचा प्रसिद्ध संग्रह असावा, किंवा त्यातूनच पुढे जोडून केलेला एखादा. त्या मूळ संग्रहात ३०६४ चित्रं आहेत आणि रुग्ण २३३. म्हणजे एकेका माणसाची सरासरी तेरा चित्रं. तुम्ही चित्रं पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला ठेवली असतील, तर एकाच माणसाच्या मेंदूचे शेजारशेजारचे काप दोन्हीकडे गेले. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल: एकाच मागावर, एकाच ताण्यावर विणलेल्या दोन चादरींपैकी एक आधी दाखवली, तर दुसरी ओळखायला विणकामाचं ज्ञान लागत नाही. वाटणी रुग्णानुसार करा. एका माणसाची सगळी चित्रं एकाच बाजूला. आकडा खाली येईल, पण तो तुमचा खरा आकडा असेल. आणखी एक बघा. जोडून केलेल्या संग्रहांत ‘आजार नाही’ ही चित्रं बऱ्याचदा भलत्याच ठिकाणाहून आणलेली असतात. त्यांची काळी कडा वेगळी, आकार वेगळा. प्रोग्रॅम कडा शिकतो आणि आपल्याला वाटतं मेंदू शिकला. आणि मुळात गाठ आणि झटका हे दोन वेगळे आजार आहेत. गाठींवर तयार झालेला प्रोग्रॅम आजोबांच्या आजाराबद्दल काहीच सांगू शकत नाही.

आकड्यांचं आणखी एक गणित मांडते, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. हजार जणांचे सीटी झाले, त्यात १०० जणांना खरोखर रक्तस्राव आहे. प्रोग्रॅम १०० पैकी ९५ पकडतो आणि निरोगी ९०० पैकी ८१० ना बरोबर सोडतो. कागदावर उत्तम. पण घंटा वाजली १८५ वेळा, त्यातल्या ९० खोट्या. तोच प्रोग्रॅम नुसत्या डोकेदुखीवाल्यांना लावला, जिथे हजारात २० जणांनाच रक्तस्राव आहे, तर १९ खऱ्या घंटांमागे ९८ खोट्या वाजतील. रात्री दोनला एकट्या बसलेल्या डॉक्टरने किती घंटांना उठायचं? आमच्याकडे तर खोट्या घंटेची एक देशी कारणमालाच आहे. पोटातल्या जंतातून डोक्यात गेलेल्या अळ्यांचे वाळलेले चुनखडी ठिपके, क्षयाच्या जुन्या गाठी. सीटीत ते पांढरे दिसतात. ज्या देशांत हे आजार दुर्मीळ आहेत तिथल्या चित्रांवर शिकलेला प्रोग्रॅम त्यांना रक्त म्हणतो. आकडा बघितला तर फरक कळतो, चुन्याचा ठिपका बहुतेक वेळा शंभराच्या बराच वर असतो आणि रक्त त्याच्या खाली. पण ठिपका लहान आणि काप जाड असेल तर आकडा सरासरीत उतरतो आणि घोळ होतो.

म्हणून सीटीवर काम करायचं तर आपल्या देशातल्या चित्रांवर करा. २०१८ मध्ये मुंबईच्या क्यूर डॉट एआय कंपनीने भारतातल्या सुमारे २० केंद्रांतले तीन लाखांवर सीटी वापरून केलेलं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यासोबत ४९१ सीटींचा सीक्यू५०० हा संग्रह त्यांनी अभ्यासासाठी खुला केला. प्रत्येक सीटी तीन रेडिओलॉजिस्टनी वाचलेला आहे. तिघांचं कुठे जुळलं नाही ते आवर्जून बघा. जिथे आम्हीच भांडतो तिथे प्रोग्रॅमकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा कशी धरायची?

मला विचाराल तर ‘आजार ओळखा’ सोडून ‘मोजा’ हा प्रोजेक्ट घ्या. मेंदूतल्या रक्तस्रावाचं आकारमान किती, यावर बरंच ठरतं, ३० मिलीच्या पुढे धोका वाढतो. आम्ही घाईत सोपं सूत्र वापरतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले दोन. सहा, चार आणि पाच सेंटिमीटर असेल तर ६० मिली. गोळा अंडाकृती असेल तर हे चालतं, वेडावाकडा असेल तर फसतं. प्रोग्रॅम मात्र ठिपके मोजू शकतो. २३० मिलिमीटरचं चित्र ५१२ ठिपक्यांत असेल तर एक ठिपका ०.४५ मिलिमीटरचा, आणि काप ५ मिलिमीटरचा असेल तर त्या ठिपक्याचं घनफळ जवळजवळ एक घन मिलिमीटर. हजार ठिपके म्हणजे एक मिली. पहिल्या काही तासांत रक्तस्राव वाढतो का हे दुसऱ्या सीटीवर बघायचं असतं. सकाळी एका डॉक्टरने मोजलेलं आणि रात्री दुसऱ्याने मोजलेलं, यांत हाताचा फरक येतोच. प्रोग्रॅम दोन्ही वेळा सारखाच मोजतो, आणि मला यंत्राकडून हेच हवं असतं.

हृदयाकडे येते. डोक्याच्या आजाराला टूडी इको का, हे तुमच्या घरच्यांना कुणी नीट सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. गुठळीने येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण चार-पाचातला एक हृदयातून सुटलेल्या गुठळीचा असतो. ठोके अनियमित झाले, वरचा डावा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरायला लागला, की त्याच्या कानासारख्या खिशात रक्त साचतं आणि गोठतं. एक दिवस ते सुटतं आणि प्रवाहाबरोबर वर जातं. मेंदूच्या एमआरआयवरच कधीकधी याचा सुगावा लागतो. एकाच वेळी डावीकडे, उजवीकडे, मागे असे वेगवेगळ्या वाहिन्यांच्या इलाख्यांत ताजे डाग दिसले, तर मी रिपोर्टच्या शेवटी ‘हृदय तपासावे’ असं लिहिते.

एक रुग्ण माझ्या कायम लक्षात आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या बाई. चक्कर आणि उलट्या. मुलगा तेलुगूतून मराठीत सांगत होता की दोन दिवस पित्ताचं औषध चाललंय. सीटी काढला. तेव्हा आमच्याकडे एक प्रोग्रॅम चाचणीसाठी बसवला होता, त्याने ‘दोष नाही’ दाखवलं. मलाही काही दिसलं नाही. पण लहान मेंदू कानामागच्या जाड हाडांच्या बेचक्यात असतो आणि त्या हाडांमुळे सीटीत तिथे काळे-पांढरे पट्टे येतात. त्या जागी सीटीचं ‘दिसलं नाही’ हे उत्तर मी उत्तर मानत नाही. मुलाला विचारलं, आई चालते का? म्हणाला, दोन दिवस भिंत धरून चालतीय. एमआरआयमध्ये लहान मेंदूत ताजा झटका होता, आणि वर दुसऱ्याच इलाख्यात एक जुना, कुणाला कधी कळलाच नाही असा डाग. इकोमध्ये डाव्या बाजूची झडप आकसलेली, वरचा कप्पा फुगलेला. लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होण्याचा तो प्रकार, आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. मेंदूचं चित्र, हृदयाचं चित्र आणि मुलाचं एक वाक्य एकत्र आलं तेव्हा आजार कळला. यातलं एकही सुटं पुरेसं नव्हतं.

इको प्रोग्रॅमला अवघड का जातो तेही सांगते, कारण तुम्ही हृदयही घेतलंय. हृदय हलतं. आणि आवाजाच्या लहरी फासळ्यांच्या फटीतूनच आत जातात, हवा भरलेलं फुप्फुस मध्ये आलं की चित्र पुसट. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या माणसाचं फुप्फुस फुगलेलं असतं, त्याच्या हृदयाची कडा कितीदा दिसतच नाही. ती कडा आखूनच तर खालच्या डाव्या कप्प्याची ताकद मोजायची असते. भरलेला असताना १२० मिली, आकुंचनानंतर ५४ मिली, म्हणजे बाहेर गेले ६६ मिली. ६६ भागिले १२० म्हणजे ५५ टक्के. यालाच इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १०,०३० इको चित्रफितींचा इकोनेट-डायनॅमिक हा संग्रह खुला केलाय. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या कामात प्रोग्रॅमची सरासरी चूक चार टक्क्यांच्या आसपास होती. दोन चांगल्या डॉक्टरांतही इतका फरक पडतो. पण अनियमित ठोक्यांच्या माणसात प्रत्येक ठोक्याचा आकडा वेगळा येतो. लांब थांबून आलेला ठोका जोरात, लगेच आलेला अर्धवट. निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. तुमचा प्रोग्रॅम एकच ठोका उचलणार असेल तर ज्या रुग्णाला गरज जास्त त्याच्याच बाबतीत तो चुकेल. कडा दिसत नसेल तिथे आकडा न देता ‘मोजता येत नाही’ म्हणणारा प्रोग्रॅम मला कुणी आणून दिला, तर त्याला मी जास्त मार्क देईन.

नेहमीच्या, छातीवरून काढलेल्या इकोत तो कानासारखा खिसा नीट दिसत नाही, त्यासाठी अन्ननलिकेतून इको करावा लागतो. आणि ठोक्यांचा अनियमितपणा चित्रात नाही, ईसीजीत सापडतो. तो येऊन-जाऊन असेल तर होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजीत. म्हणजे इको चांगला आला म्हणून हृदय निर्दोष ठरलं असं नाही. इतकी यंत्रं सांगितली, पण आजोबांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघणं हे घरात कुणीही शिकून घेऊ शकतं. ठोके एका तालात नसतील तर ते डॉक्टरांना दाखवावं. रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिलेली असेल तर ती ‘आता बरं आहे’ म्हणून मनाने बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते. दुसरा झटका घेऊन आलेल्या कितीतरी घरांत विचारल्यावर हेच कळतं.

राहिला हॉस्पिटलचा प्रश्न. रुग्णावर वापरायचा प्रोग्रॅम कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरतो, त्याला परवानगी लागते. कॉलेजचा प्रोजेक्ट तिथपर्यंत जाणार नाही, आणि जायची गरजही नाही. अभ्यासासाठी चित्रं हवी असतील तर तुमच्या गाइडना घेऊन डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रेडिओलॉजी विभागात जा, तिथल्या नीतिमत्ता समितीकडे रीतसर अर्ज करा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, अर्ज लिहिण्याआधी ती वाचा. ओळखीच्या टेक्निशियनकडून पेनड्राइव्हवर चित्रं घेऊ नका. डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलमध्ये, नाव, वय, तारीख सगळं दडलेलं असतं, आणि इकोच्या चित्रांवर तर नाव छापलेलंच असतं. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटोही घेऊ नका. सीटीच्या मूळ फाइलमध्ये चार हजारांच्या आसपास पातळ्या असतात, फोटोत एका रंगाच्या २५६. विंडो एकदा फिल्मवर गोठली की पुन्हा उघडत नाही. नातेवाईक मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून ‘मॅडम, बघा ना’ म्हणतात, तेव्हा मी सीडीच मागते.

सीडी तुमच्या घरी आहेच. ती वापरा, आजोबांना विचारून. मोफत मिळणाऱ्या एखाद्या डायकॉम व्ह्यूअरमध्ये पहिला सीटी आणि दुसऱ्या दिवशीचा एमआरआय शेजारी-शेजारी उघडा. एमआरआयमध्ये डाग जिथे आहे, सीटीतला तोच काप काढा आणि विंडोची रुंदी ८० वरून ४० वर आणा. डावी बाजू उजवीशी ताडून बघा. आता उत्तर माहीत असूनही काही दिसतंय का, ते वहीत लिहा. मग फाइलमधली स्कॅनची नेमकी वेळ टिपा आणि आजीला किंवा आईला विचारा, त्या रात्री पाणी प्यायला, लघवीला आजोबा उठले होते का, किती वाजता, आणि तेव्हा ते नीट बोलले होते का. ती वेळ स्कॅनच्या वेळेशेजारी लिहा आणि मला कळवा.